एक वाजताची भरती

मंडळी, आधी एक कबुली देऊन टाकते. या सदरातले अनुभव मी दोन-तीन वर्षांपासून वाचते, पण हसायला वाचते. पांढरी बाई, मागून आलेला आवाज, बंद पडलेली गाडी... वाचायचं आणि आमच्या ह्यांना वाचून दाखवायचं. मी सेलूला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सोळा वर्षं झाली. पेशंट म्हणतो, "मॅडम, मला कायबी होत न्हाई", आणि शुगर निघते चारशे! त्यामुळे माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या रिपोर्टवर माझा भरवसा जास्त. आणि आता मीच इथे लिहायला बसलेय. हसा, हसा. माझी काही तक्रार नाही.

गोष्ट मागच्या जानेवारीतली. कोकणातल्या समुद्रकाठच्या एका पर्यटनाच्या गावातली, चांगल्या लख्ख उन्हातली, सकाळी अकराची. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. होमस्टेवाले भाऊ फार सज्जन माणूस, त्यांच्या धंद्याला उगाच धक्का नको. चूक त्यांची नव्हतीच. चूक शंभर टक्के आमची होती, ती कशी ते सांगतेच.

आम्ही चौघं होतो. मी, आमचे हे — प्रकाश, यांचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे — आमची नऊ वर्षांची आरोही, आणि माझे सासरे, आबा. आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. जन्म गेला शेतात. गोदावरीच्या पलीकडचं पाणी त्यांनी पाहिलं नव्हतं. आणि आबांना ऐकू येत नाही. "कमी ऐकू येतं" असं नाही हं, येतच नाही. परभणीला तपासायला मीच घेऊन गेले होते. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात ना, ती टेस्ट. बाहेर बसून मी तो ग्राफ उतरताना डोळ्यांनी पाहिलाय. उजवा कान जवळजवळ गेलेला, डावाही फारच खाली. डाव्या कानाला तोंड लावून ओरडलं तर चार शब्द कळतात. मशीन घेऊन दिलंय, पण समुद्रावरच्या वाऱ्यात ते नुसतं घोंघावायला लागलं. आबांनी पहिल्याच दिवशी काढून रुमालात बांधून खोलीतल्या टेबलावर ठेवलं.

"निस्ता कालवा व्हायलाय कानात. काय ऐकायचं हाय हितं? पानी तर दिसायलाय की!" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही चालायला जायचं ठरवलं. होमस्टेच्या अंगणात पाटीच होती, लेकराबाळांना घेऊन जाता येतील अशा वाटांची. आम्ही सगळ्यात सोपी निवडली. किनाऱ्यानं अर्धा तास चालायचं, मग समुद्रात घुसलेली खडकांची एक रांग लागते, ती ओलांडायची, की पलीकडे छोटासा वाळूचा किनारा. तीन बाजूंनी उंच कडा, समोर समुद्र. गर्दी नाही, भेळवाले नाहीत. गेलं तसंच परत यायचं.

आम्ही बुटाच्या नाड्या बांधत होतो तेव्हा भाऊंचा फोन आला. ते बाजारात गेले होते. रेंज तुटत होती, हे "हां... हां... बरं बरं" करत होते. फोन ठेवून म्हणाले, "आज एक वाजता भरती हाय म्हनं. त्याच्या लय आधी परत या म्हनतेत."

"कुणाची भरती?" मी विचारलं.

"पोराची असंल त्यांच्या. पोलिसाची नायतर मिलिट्रीची. जेवायचं लवकर उरकायचं असंल."

आता तुम्ही कपाळावर हात मारून घेतला असेल. मारा. पण सेलूत राहून बघा! आमच्या ग्राउंडवर पहाटेपासून शंभर पोरं पळत असतात. गल्लीत दर तिसऱ्या घरात एक भरतीवाला. यांनी स्वतः तरुणपणी दोनदा भरती दिली आणि दोन्हीदा छातीत मार खाल्ला. आमच्याकडे "भरती" म्हटलं की छाती मोजायची टेप आठवते, समुद्र कसा आठवणार? मी सातवीत भरती-ओहोटीचं उत्तर घडाघडा पाठ म्हणून दाखवलेली मुलगी. पण त्या क्षणी मला त्या पोराचीच काळजी वाटली. "एवढ्या उन्हात कशाला पळवायलेत हो त्याला?" असंसुद्धा मी म्हणाले.

नऊच्या सुमारास आम्ही खडक ओलांडले. पाणी दूर होतं, खडक कोरडे, मधून मधून डबकी आणि डबक्यांत इवलाले खेकडे. आरोही तर वेडीच झाली होती. आबा धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, हातात चपला घेऊन, लहान मुलासारखे पाण्यात उभे. एकदा ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून म्हणाले, "येवढं पानी आन् काय कामाचं? एक वाफा भिजंना." मी इतकी हसले! बरोबर आणलेल्या भाकरी आणि ठेचा आम्ही वाळूवर बसून खाल्ला. सांगते, आयुष्यातली ती सगळ्यात सुंदर सकाळ होती. अकरापर्यंत तरी.

अकराला निघालो तर खडकांची रांग दिसेना.

म्हणजे टोकाचे दोन-तीन काळे सुळके दिसत होते, मधे सगळा फेस. आधी आम्हाला वाटलं, लाट मोठी आहे, ओसरेल. ओसरलीच नाही. हे म्हणाले, "लाटा हायेत, खालवर होनारच." दहा मिनिटं थांबलो. तेवढ्यात आम्ही जिथे जेवलो होतो ती जागा ओली झाली. भाकरीचं फडकं तरंगत गेलं. आणि मग माझ्या डोक्यात ते सातवीचं उत्तर खाडकन उघडलं.

"अहो... भरती!"

"काय?"

"पोलिसाची न्हाई हो! समुद्राची! एक वाजेपर्यंत पाणी वाढतच जाणार!"

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. फोन काढला, रेंज शून्य. मागे कडा, तीन मजल्यांच्या इमारतीएवढा सरळ, काळा-तांबडा. वाळूची पट्टी आता आमच्या हॉलएवढीही नव्हती. पोहायला एकट्या ह्यांना येतं, तेही विहिरीत. आरोहीनं माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "मम्मी, आपण बुडणार का?" मी "वेडी आहेस का" म्हणाले, पण मी भ्याले होते. खूप भ्याले होते.

यांनी ठरवलं. शर्ट काढला, आरोहीला पाठीवर घ्यायचं, खडकाच्या कडेनं कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे सोडायचं, मग परत येऊन मला आणि आबांना न्यायचं. "आत्ता गेलो तर जमंल, उशीर केला तर न्हाई." बोलणं बरोबरच वाटत होतं. एक पाय पाण्यात टाकलाही.

आणि आबा मागून ओरडले, "ए पक्या! तिकडं जाऊ नको! त्यो न्हाई म्हनायलाय!"

आम्ही वळून पाहिलं. आबा कड्याकडे तोंड करून उभे होते, मान वर, डोळे बारीक केलेले, बांधावरून कुणी हाक मारली की बघतात तसे.

"कोण न्हाई म्हनायलाय?"

आबांना अर्थातच ते ऐकू गेलं नाही. ते वर बघून बोलत होते. "हाव! चौघं हाव! लेकरू हाय संगं!" मग थांबले. मान हलवली. मग आमच्याकडे वळून, "तिकडं बुडकी हाय म्हनायलाय. खडकाच्या आंगाला. ढोरवाटेनं वर या म्हनायलाय."

मंडळी, बुडकी म्हणजे आमच्याकडे ओढ्याकाठी खणतात ती लहानशी विहीर. आणि ढोरवाट म्हणजे गुरांनी तिरकं चालून चालून पाडलेली वाट. समुद्रात कसली बुडकी आणि कड्यावर कसली गुरं! आम्ही तिघांनी कान देऊन ऐकलं. लाटांशिवाय काहीही नव्हतं. वर माणूस नव्हता. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आबांच्या मेंदूला काहीतरी झालं. भीतीनं बीपी वाढलं. मी त्यांच्याजवळ जाऊन तोंड वाकडं झालंय का ते पाहिलं, दोन्ही हात वर करायला खुणावलं. सगळं ठीक! उलट माझ्यावरच खेकसले, "माजं काय बगायलीस? लेकराला आन हिकडं. पानी आनखी अर्धा परस चढनार हाय म्हनायलाय!"

परसात पाणी मोजतात विहिरीचं. हात वर केलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस. पण माझ्या अंगावर काटा आला तो "चढनार हाय" ऐकून. कारण भरतीचा शोध मला लागला होता, आबांना कुणीच काही सांगितलं नव्हतं! आणि सांगितलं असतं तरी ऐकू कुठे गेलं असतं?

"दे तिला इकडं," हे म्हणाले. "टाइम न्हाई."

एका बाजूला धडधाकट नवरा, ज्याचं म्हणणं पटत होतं. दुसऱ्या बाजूला बहिरा म्हातारा, ज्याला आवाज ऐकू येत होता. ज्याचा ग्राफ मी स्वतः पाहिला होता! आणि मी, रिपोर्टवाली बाई, आरोहीचा हात धरून आबांकडे गेले. का गेले, मला विचारू नका. ह्यांनी नंतर शंभरदा विचारलंय.

हे रागानं लाल झाले, पण मागोमाग आले.

आबा पुढे, त्यांच्या धोतराचा सोगा धरून आरोही, मग मी, शेवटी हे. कड्याच्या पायाशी एक काळा धोंडा होता, बैठ्या म्हशीएवढा. आबा त्याच्या मागे गेले आणि दिसेनासे झाले. मागे खरंच फट होती, आणि फटीतून वर तिरकी जाणारी एक पायरीसारखी कड. जेमतेम पाऊल मावेल एवढी. आबा एकेक पाऊल विचारून टाकत होते.

"हं... आता थांबा म्हनायलाय." आम्ही थांबलो. वरून चार दगड घरंगळत गेले. "हं, चला."

"उजव्या हाताला मूळ हाय म्हनायलाय, सुनबाई, धर. कोपऱ्याच्या मागं." मी न बघता हात घातला आणि मनगटाएवढं मूळ हातात आलं! ते खाचेत इतकं आत होतं की पुढे जाताना आबांना दिसणं शक्यच नव्हतं.

घरी जिना चढताना तीनदा टेकणारा माणूस सरसर चढत होता. आणि मधेच — हे ऐका — मधेच गप्पा मारत होता! "जवारी? बेस हाय की औंदा! हुरड्यात आली... व्हय, टपोरी कनसं हायेत... न्हाई, अवकाळी न्हाई आला अजून... तुमचं गाव कोनतं म्हनलात?... अरे वा, देवगाव फाट्याजवळचे! मंग आपलेच की!" माझ्या खाली खवळलेला समुद्र, हातात मूळ, आणि वर सासरे ज्वारीचं पीकपाणी सांगतायत. मला रडू येत होतं आणि हसूही.

पंधरा मिनिटं लागली असतील. वर आलो तेव्हा सपाट पठार, पिवळं वाळलेलं गवत, आणि दूरवर कुणीही नाही. झाड नाही, झोपडी नाही. आबा गोल गोल फिरून बघत होते. "हितंच व्हता की! पाव्हणं! अवो पाव्हणं! पानी तरी पिऊन जावा!"

मी आरोहीला कवटाळून गवतात बसले आणि हमसून हमसून रडले. हे कडेला जाऊन खाली बघत होते. मग मला हाक मारली. ज्या खडकाच्या अंगानं ते आरोहीला पाठीवर घेऊन जाणार होते, तिथे पाणी गोल फिरून खाली शोषलं जात होतं, आणि दर लाटेला त्याच जागेतून माणसापेक्षा उंच फवारा उडत होता. खडकात भोक होतं. हे खालीच बसले, आणि बराच वेळ आरोहीच्या पायावर हात ठेवून बसून राहिले.

पठारावरून चालत आम्ही होमस्टेला पोचलो. भाऊ फाटकातच उभे होते, रडवेले. "अहो, एकची भरती म्हणून सांगितलं होतं ना मी!" आम्ही त्यांना पोलिसभरतीचं सांगितलं. ते आधी बघतच राहिले, मग म्हणाले, "मला मुलगाच नाहीये हो! दोन मुली, दोघी पुण्याला!" आणि त्या सगळ्या घाबरण्यानंतर आम्ही सगळे असे हसत सुटलो की आबा विचारायला लागले, काय झालं म्हणून.

दुसऱ्या सकाळी, ओहोटीची वेळ नीट लिहून घेऊन, आम्ही दोघं परत गेलो. धोंडा होता. फट होती. कडही होती, म्हणजे वाट आहे म्हणायची तर आहे. पण हे आठ-दहा फूट चढले आणि अडकले. पुढे पाय ठेवायला जागा सापडेना. शेवटी बसून घसरत खाली आले, पँट फाडून. ते मूळ मला खालून कुठेच दिसलं नाही. भाऊ म्हणाले, "इथून गुरं? माकड पण जात नाही."

आता तुम्ही म्हणाल तेच मी स्वतःला म्हणून पाहिलंय. आबांची शेतकऱ्याची नजर, उतार बघून वाट ओळखली, आणि घाबरलेल्या मनानं आवाज तयार केला. बरं. मग पाणी चढणार हे कुणी सांगितलं? बुडकी? कोपऱ्यामागचं मूळ? घरी आल्यावर मी पुन्हा परभणीला नेऊन कानांची टेस्ट केली. ग्राफ तसाच. उलट थोडा खालीच.

आबांना मात्र कशाचंच आश्चर्य नव्हतं. त्यांना एकच रुखरुख. "नाव इचारायचं राहिलं बग. गाव इचारलं, जवारी झाली, पावसाचं झालं... नाव राहूनच गेलं." आमच्या लोकांचं असंच असतं, नाव सगळ्यात शेवटी. ते म्हणायला लागले, लेकरू वाचवलं त्या माणसानं, त्याच्या घरी जाऊन सांगायला पाहिजे. रोज सकाळी तेच. शेवटी एका रविवारी धुतलेलं धोतर नेसून ते गाडीत जाऊनच बसले.

पठारावर आम्हाला तर कुणीच दिसलं नव्हतं, म्हणून देवगाव फाट्यावर चहाच्या हॉटेलात आम्ही विचारलं, इकडचं कुणी समुद्राकडे कामाला गेलेलं आणि परत न आलेलं आहे का. हॉटेलवाला म्हणाला, टोळ्या तर दर साली जातात रस्त्याच्या, पुलाच्या कामाला. मग आठवून त्यानं जवळच्या एका वस्तीवरचं घर सांगितलं.

अंगणात एक म्हातारी तुरी झोडपत होती. आम्हाला पाणी दिलं, सावलीत बसवलं. तिचा मुलगा पुलाच्या कामाला गेला होता, सहा वर्षं झाली. एक दिवस मुकादमाचा फोन आला, पाण्यात गेला म्हणून. सापडला नाही. आबांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती काठी हातात धरून ऐकत होती. संपल्यावर तिनं काठी खाली ठेवली.

मग म्हणाली, "न्हाई वो बापू. माजा बाळू न्हवं त्यो. तुमी म्हनता, घडाघडा वाट सांगितली. माजा बाळू तोतरा व्हता. एक शबूद निघाया घटकाभर लागायचा त्याला. लोक हसायचे."

मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. तिच्या तोंडाकडे बघवेना. मी आबांना खुणावलं, उठूया. ह्यांनी चप्पल पायात घातली होती. त्या दिवशी आबांच्या कानात मशीन होतं, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

आबा उठले नाहीत.

"तोतराच व्हता माय," ते म्हणाले. "म्हनून तर मला कळालं. घडाघडा बोलला असता, तर ह्या कानाला काय कळनार व्हतं?"

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावला आणि एवढ्या मोठ्यानं रडली की शेजारची बाई धावत आली. आणि रडता रडता एकच विचारत होती, "जवारी बेस हाय म्हनून सांगितलंत न्हव? सांगितलंत न्हव त्याला?"

"सांगितलं माय. टपोरी कनसं हायेत म्हनलं."

त्या कड्यावर मी आबांच्या दोन हात मागे होते. आवाज तोतरा आहे असं ते एकदाही म्हणाले नव्हते, त्यानंतरच्या तीन आठवड्यांतही नाही. ते खरं होतं, की त्या बाईकडे बघून त्यांनी तिथल्या तिथे जुळवलं, मला माहीत नाही. घरी आल्यापासून कितीदा तरी विचारायला म्हणून मी त्यांच्या डाव्या कानापर्यंत गेलेय, आणि चहा घेता का, एवढंच विचारून परत आलेय.